दोन बंदुकांमधले गुरुजी

चिखली तालुक्यातल्या पुष्कळ घरांत एखादा मुलगा किंवा सून झेडपीत शिक्षक असते आणि त्यांतल्या कोणा ना कोणाची पहिली नेमणूक विदर्भाच्या पार दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत झालेली असते. नेमणुकीच्या आदेशावर एटापल्ली, भामरागड, धानोरा, कोरची अशी नावे असतात. मग घरातली म्हातारी माणसे अभ्यासक्रमाचे किंवा पगाराचे काही विचारत नाहीत. ती एवढेच विचारतात, "तिकडं भेव तं नाही ना रे?" सरकारनेही हा प्रश्न आपल्या भाषेत मान्य केलेला आहे. ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयाने आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना एक पायरी वरची वेतनश्रेणी दिली. २७ फेब्रुवारी २०१७ च्या बदली धोरणाने जिल्हा परिषदेच्या शाळा 'सर्वसाधारण' आणि 'अवघड' अशा दोन क्षेत्रांत वाटल्या. भीतीला अशा रीतीने कागदावर जागा मिळाली, पण तिचा इतिहास फार जुना आहे. हातात खडूशिवाय काही नसलेल्या माणसावर शस्त्रधारी माणूस का चालून जातो आणि त्याला वाचवण्यासाठी जगाने आजवर काय काय केले, याचा शोध घ्यायचा तर आपल्याला आठशे वर्षे मागे, मगधात जावे लागते.

इ.स. १२३४ च्या सुमारास धर्मस्वामी नावाचा एक तिबेटी भिक्षू नालंदेला पोहोचला. बख्तियार खिलजीच्या स्वाऱ्यांना तोवर तीन दशके होऊन गेली होती. मिन्हाज-इ-सिराज या फारसी इतिहासकाराने त्या स्वाऱ्यांचे वर्णन करताना बिहारच्या किल्ल्यात मुंडण केलेली माणसे सरसकट मारली गेल्याचे लिहून ठेवले आहे. तिथे सापडलेले ग्रंथ वाचून दाखवायला माणूस शोधला, तेव्हा वाचणारा कोणी उरलाच नव्हता. तो किल्ला नव्हता, ते विद्यापीठ होते, हे जिंकणाऱ्यांना उशिरा कळले. ते स्थळ बहुधा ओदंतपुरी असावे. धर्मस्वामी आला तेव्हा नालंदेचे बहुतेक विहार उजाड झाले होते. पण नव्वदी ओलांडलेले राहुलश्रीभद्र हे आचार्य तिथे अजून सुमारे सत्तर विद्यार्थ्यांना शिकवत होते. सैनिक पुन्हा येत असल्याचा निरोप ओदंतपुरीहून आला. विद्यार्थी पांगले, आचार्यांनी मात्र पळून जायला नकार दिला. तेव्हा धर्मस्वामीने आपल्या गुरूला पाठीवर घेतले आणि जवळच्या एका देवळात नेऊन लपवले. सैनिक आले, पण त्यांना हे दोघे सापडले नाहीत आणि ते निघून गेले. शिष्याच्या पाठीपलीकडे त्या काळात शिक्षकाला संरक्षण म्हणून दुसरे काही नव्हते. ही हकीकत असलेले धर्मस्वामीचे चरित्र १९५९ साली पाटण्याच्या जयस्वाल संशोधन संस्थेने इंग्रजीत प्रसिद्ध केले. त्याला प्रस्तावना होती आपल्या कोल्हापूरकडच्या डॉ. अनंत सदाशिव आळतेकरांची, ज्यांनी प्राचीन भारतातील शिक्षणपद्धतीवर मोठा ग्रंथ लिहिला. भाषांतर केले होते जॉर्ज रोरिक यांनी. हे आडनाव लक्षात ठेवावे, कारण ते या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

कायद्याने दिलेल्या संरक्षणाची पहिली खूण आपल्याला त्याही आधी, युरोपात सापडते. इ.स. ११५५ च्या आसपास सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने बोलोन्याच्या पंडितांच्या विनंतीवरून एक फर्मान काढले. विद्येसाठी प्रवास करणाऱ्यांना वाटेत कोणी इजा करू नये आणि त्यांच्या गाववाल्याच्या कर्जापायी त्यांना धरू नये, असे त्यात म्हटले होते. दुसऱ्याच्या हिशेबासाठी शिक्षणातल्या माणसाला ओलीस धरण्याची खोड इतकी जुनी आहे. पुढच्या सात शतकांत या फर्मानाचा धागा विरत गेला.

आपल्याकडे आधुनिक शाळा आली आणि तिच्यासोबत शिक्षकावरचा रागही नव्या रूपात आला. १८४८ मध्ये पुण्यात मुलींना शिकवायला निघालेल्या सावित्रीबाईंवर दगड आणि शेण फेकले गेले. १८५६ मध्ये जोतीरावांना मारण्यासाठी मारेकरी घातले गेले आणि त्यांतला धोंडीराम नामदेव कुंभार पुढे त्यांचाच अनुयायी झाला. पण ती मारहाण समाजाची होती, तिच्यामागे सैन्य नव्हते. युद्धाने शिक्षकाला दोन्ही बाजूंनी कसे चिरडले, हे पाहायचे तर नंतरच्याच वर्षी दिल्लीत जावे लागते. माझ्या मते या साऱ्या इतिहासातले सर्वांत बोलके पान तेच आहे.

दिल्ली कॉलेजात तेव्हा गणित, विज्ञान, फारसी आणि अरबी एकाच आवारात शिकवले जात होते. ११ मे १८५७ रोजी मेरठहून बंडवाले शिपाई शहरात शिरले, तेव्हा प्राचार्य फ्रान्सिस टेलर आधी आपल्या स्वयंपाक्याच्या घरी आणि मग मौलवी मुहंमद बाकर यांच्या घरी लपले. बाकर हे 'देहली उर्दू अखबार'चे संपादक आणि एके काळी त्याच कॉलेजात शिकवलेले गृहस्थ होते. घराभोवती गर्दी जमू लागली तेव्हा टेलर वेष पालटून बाहेर पडले आणि रस्त्यात ओळखले जाऊन मारले गेले. ख्रिस्ती धर्म स्वीकारलेले गणिताचे मास्तर रामचंद्र कसेबसे निसटले. कमाल व किमान मूल्यांवरचे त्यांचे पुस्तक १८५० साली कलकत्त्याला निघाले होते आणि १८५९ मध्ये लंडनच्या डी मॉर्गन या गणितज्ञांनी ते पुन्हा छापवून घेतले. सप्टेंबरात इंग्रजांनी दिल्ली परत घेतली आणि पारडे फिरले. आता सूड घेणारे दुसरे होते, मरणारे मात्र त्याच कॉलेजातले. बाकर यांना देहदंड झाला. फारसीचे अध्यापक इमाम बख्श सहबाई हे गालिबच्या वर्तुळातले विद्वान, कूचा चेलान मोहल्ल्यात राहत. त्यांना घरच्या माणसांसह यमुनेकाठी नेऊन गोळ्या घातल्या गेल्या. एका कॉलेजाचा प्राचार्य बंडवाल्यांनी मारला आणि फारसीचा अध्यापक सरकारने. दोघांपैकी कोणाच्याही हातात शस्त्र नव्हते. एकाचा गुन्हा त्याची कातडी आणि दुसऱ्याचा गुन्हा त्याचा मोहल्ला. कॉलेजचे ग्रंथालय लुटले गेले आणि वर्ग पुन्हा भरायला १८६४ साल उजाडले. आपला बुलढाणा जिल्हा इंग्रजांनी आखला तोही याच साली.

युद्धाला नियम असावेत हा विचार याच सुमारास कागदावर उतरू लागला. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, २४ एप्रिल १८६३ रोजी लिंकनच्या सरकारने सैन्यासाठी एक संहिता काढली. तिचा कर्ता फ्रान्सिस लीबर स्वतः कोलंबियात प्राध्यापक होता. त्याने शाळा, विद्यापीठे आणि ग्रंथालये यांच्या मालमत्तेला वेगळे संरक्षण दिले. शत्रूकडचे धर्मोपदेशक, वैद्य आणि परिचारक सापडले तर त्यांना युद्धकैदी करू नये, असेही लिहिले. शिक्षकांचा मात्र त्यात उल्लेख नाही. १९०७ च्या हेग करारातही शिक्षणसंस्थांची मालमत्ता आली, माणूस आला नाही. पुस्तकाला आणि भिंतीला जे मिळाले ते शिकवणाऱ्याला मिळेना. ही उणीव ज्याच्या ध्यानात आली तो कायदेपंडित नव्हता. निकोलस रोरिक हा रशियन चित्रकार, हिमालयाच्या ओढीने कुलूच्या खोऱ्यात नग्गर येथे येऊन राहिला आणि डिसेंबर १९४७ मध्ये तिथेच वारला. त्याच्या पुढाकारातून आलेल्या करारावर १५ एप्रिल १९३५ रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिका खंडातल्या २१ देशांनी सह्या केल्या. युद्धात आणि शांततेतही शाळा, संग्रहालये व कलासंस्था यांचा आणि त्यांत काम करणाऱ्या माणसांचाही आदर राखावा, असे त्यात म्हटले होते. मोठ्या लष्करी सत्तांपैकी युरोपातली एकही त्यात नव्हती, त्यामुळे आज तो करार फारसा कोणाला आठवत नाही. पाठीवर गुरू घेऊन धावणाऱ्या धर्मस्वामीची कथा इंग्रजीत आणणारा जॉर्ज हा या निकोलसचाच मुलगा. बापाने करार लिहवून घेतला आणि मुलाने तो कशासाठी हवा होता याचा सातशे वर्षांपूर्वीचा दाखला जगापुढे ठेवला.

करारानंतर चारच वर्षांनी, ६ नोव्हेंबर १९३९ रोजी, पोलंडमधील क्राकोव्ह विद्यापीठात व्याख्यान आहे असे सांगून जर्मनांनी प्राध्यापकांना बोलावले आणि १८३ जणांना धरून छळछावणीकडे पाठवले. जिंकलेल्या मुलखातल्या मुलांना पाचशेपर्यंत मोजता आले आणि सही करता आली तरी पुरे, असे हिमलरने नंतर एका टिपणात मांडले. मुलांनी त्याहून जास्त शिकायचे नसेल तर शिकवणारे राहायला नकोत, हे ओघानेच आले. नॉर्वेत मात्र उलटे घडले. १९४२ मध्ये नाझींच्या शिक्षक संघात सामील व्हायला हजारो शिक्षकांनी लेखी नकार दिला. सुमारे अकराशे जणांना अटक झाली आणि त्यांपैकी शेकडो जणांना उत्तर ध्रुववृत्तापलीकडच्या किर्केनेसला मजुरीसाठी नेले. तरी ते वाकले नाहीत आणि त्याच वर्षअखेर सरकारला त्यांना घरी पाठवावे लागले. शिक्षक संघटित असले की काय होते, याचे हे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. १९४९ चे जिनिव्हा करार झाले तेव्हा व्यापलेल्या मुलखातल्या मुलांच्या शिक्षणाची कलमे आली. शिक्षक मात्र इतर नागरिकांसारखाच एक नागरिक राहिला.

या काळात आपल्या चिखलीच्या वेशीवर काय चालले होते, हेही पाहिले पाहिजे, आणि त्यासाठी थोडे मागे जावे लागते. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी याच जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याजवळ निजामाने मुबारिझखानाचा पाडाव केला आणि हैदराबाद राज्याचा पाया घातला. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांकडे गेले, म्हणून चिखली इंग्रजी अमलात आली. पलीकडचे जाफराबाद आणि भोकरदन निजामातच राहिले. काही कोसांच्या अंतरावर शाळेचा अर्थच बदलत होता. वऱ्हाडात मराठी शाळा उघडायला फारशी आडकाठी नव्हती. तिकडे उर्दू माध्यमाचा आग्रह होता आणि खासगी शाळा काढायची तर सरकारी परवान्याशिवाय गत्यंतर नव्हते. म्हणून तिकडची राष्ट्रीय शाळा म्हणजेच चळवळ झाली. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक व्यंकटेश खेडगीकर यांनी १९३० मध्ये संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. पुढे १९३५ पासून त्यांनी अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात शिकवले. १९३८ च्या सत्याग्रहात ते तुरुंगात गेले आणि १५ ऑगस्ट १९४७ ला, देशभर झेंडे लागत असताना, निजामाच्या पोलिसांनी त्यांना पुन्हा पकडले. गोविंदभाई श्रॉफ हेही औरंगाबादेत गणित शिकवणारे मास्तर. ज्या राज्याने मास्तरांवर बंधने घातली त्याला अखेर मास्तरांनीच आव्हान दिले. मास्तर राज्य उलथवू शकतो, हे सत्ताधाऱ्यांनी यातून ओळखले. बंदूकधाऱ्यांनीही ओळखले. पुढच्या सगळ्या दुःखाचे मूळ मला इथे दिसते.

कारण यानंतरच्या पर्वात शिक्षकाच्या जिवावर उठलेल्या संघटनांचे म्होरके पुष्कळदा शिक्षकच होते. १९७० मध्ये कलकत्त्यात नक्षलवादी तरुणांनी शाळा-कॉलेजे फोडली आणि विद्यासागरांच्या पुतळ्याचे शिर उडवले. ३० डिसेंबरला जादवपूर विद्यापीठाचे कुलगुरू गोपालचंद्र सेन यांना आवारातच ठार करण्यात आले. निवृत्तीला एक दिवस उरला होता. पुढच्याच वर्षी ढाक्यात पाकिस्तानी लष्कराने आणि त्याच्या हस्तकांनी मार्चमध्ये आणि पुन्हा १४ डिसेंबरच्या आसपास प्राध्यापक वेचून मारले. नवे राष्ट्र जन्मताच शिक्षकांवाचून राहावे असा तो बेत होता. मग येते १९८० साल. १७ मे रोजी पेरूतल्या चुस्ची गावात मतपेट्या जाळून 'शायनिंग पाथ' या माओवादी संघटनेचे युद्ध सुरू झाले. त्याचा नेता अबिमाएल गुझमान हा आयाकुचोच्या विद्यापीठात तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक. त्याआधी जेमतेम महिनाभर, २२ एप्रिलला, आंध्रात पीपल्स वॉर गट स्थापन झाला होता. त्याचे संस्थापक कोंडापल्ली सीतारामय्या वारंगळच्या सेंट गॅब्रिएल हायस्कुलात हिंदी शिकवत. त्यांचे सहकारी के. जी. सत्यमूर्तीही त्याच शाळेतले मास्तर. त्यांनी पाठवलेली दलमे, म्हणजे सशस्त्र तुकड्या, त्याच वर्षी प्राणहिता ओलांडून आजच्या गडचिरोलीत आली आणि नोव्हेंबरात सिरोंच्याकडच्या मोयाबीनपेठ्यात पेद्दी शंकर हा त्यांचा कार्यकर्ता पोलिसांच्या गोळीने मेला. गडचिरोली जिल्हा झाला तो त्यानंतर, २६ ऑगस्ट १९८२ ला. म्हणजे हा जिल्हा जन्मला तेव्हापासूनच त्यात दोन बंदुका होत्या, आणि एक बंदूक पाठवणारा माणूस मुळात गुरुजी होता.

त्या दोन बंदुकांमध्ये जिल्हा परिषदेच्या मास्तराची कोंडी कशी होते, ते बारकाईने समजून घेतले पाहिजे. दुर्गम गावात रोज दिसणारा सरकारचा माणूस पुष्कळदा एकच, तो म्हणजे शिक्षक. शिकवण्याखेरीज जनगणना त्याच्याकडे, मतदार यादी त्याच्याकडे, मतदान केंद्रही त्याच्याकडे. निवडणुकीत काही पथके हेलिकॉप्टरने उतरतात आणि पुढची वाट पायी तुडवतात. संवेदनशील भागातले मतदान दुपारी ३ लाच संपते. ११ एप्रिल २०१९ ला एटापल्ली तालुक्यात वाघेझरीच्या मतदान केंद्राजवळ स्फोट झाला, तेव्हाही केंद्रावर अशीच माणसे होती. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला शाळेवर काळा झेंडा लावायचे फर्मान जंगलातून येते, तिरंगा लावायचा आदेश पंचायत समितीतून. रात्री दल आले तर त्यांना जेवण द्यायचे की नाही? सकाळी पोलीस विचारायला आले तर काय सांगायचे? सांगितले तर खबऱ्या, न सांगितले तर समर्थक. नक्षलवाद्यांनी ज्याला मारले त्याच्या प्रेताजवळ 'पोलिसांचा खबऱ्या' असे लिहिलेले पत्रक टाकायची रीत गडचिरोलीने वर्षानुवर्षे पाहिली आहे. या सगळ्यात भामरागडजवळ हेमलकशाची लोकबिरादरी आश्रमशाळा १९७६ पासून चालू राहिली. बाहेरच्या जगाला ती प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांच्या दवाखान्यामुळे ठाऊक असते. पण तिथे गोंडी-माडिया मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांनीही दोन्हीकडचा संशय सोसत वर्षे काढली आहेत, हे विसरता कामा नये.

सीमेपलीकडे बस्तरमध्ये ही कोंडी आणखी आवळली. २००५ मध्ये माओवाद्यांविरुद्ध सलवा जुडूम ही मोहीम सुरू झाली. शाळांच्या इमारतींत सुरक्षा दलांच्या छावण्या बसल्या आणि माओवाद्यांनी त्याच इमारती सुरुंगाने उडवल्या. गावेच्या गावे ओस पडली आणि शेकडो शाळा बंद झाल्या. नंदिनी सुंदर आणि इतरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने शाळांतून दले हटवायला सांगितले आणि ५ जुलै २०११ ला सलवा जुडूमसारखी व्यवस्थाच घटनाबाह्य ठरवली. त्याच वर्षी सोनी सोरी यांचे प्रकरण घडले. त्या दंतेवाड्यात जबेलीच्या आश्रमशाळेत शिक्षिका. जूनमध्ये माओवाद्यांनी त्यांच्या वडिलांच्या पायात गोळी घातली आणि ऑक्टोबरात माओवाद्यांना मदत केल्याच्या आरोपावरून पोलिसांनी त्यांनाच अटक केली. कोठडीत अत्याचार झाल्याचा आरोप त्यांनी केला. पोलिसांनी तो नाकारला, पण न्यायालयाच्या आदेशाने कोलकात्यात झालेल्या तपासणीत त्यांच्या शरीरातून दगड निघाले. २०१६ मध्ये त्यांच्या चेहऱ्यावर जळजळीत रसायन फासले गेले आणि २०२२ मध्ये शेवटच्या खटल्यातूनही त्या निर्दोष सुटल्या. टेलर आणि सहबाई यांच्या वाट्याला वेगवेगळे आलेले भोग इथे एकाच कुटुंबात, एकाच वर्षात आले. पुढे बंद शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा गावातल्याच शिकलेल्या मुलांना थोड्या मानधनावर 'शिक्षादूत' म्हणून नेमले गेले. २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये बीजापूर आणि सुकमा जिल्ह्यांत असे शिक्षादूत खबरे ठरवून मारले गेले. ते आपल्याच पाड्यातल्या पोरांना अक्षर ओळखायला शिकवत होते.

जगात इतरत्रही हेच चालू होते. काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरू मुशीर-उल-हक यांना एप्रिल १९९० मध्ये पळवून नेऊन मारले गेले. ऑक्टोबर २०२१ मध्ये श्रीनगरच्या एका सरकारी शाळेत शिरून मुख्याध्यापिकेला आणि शिक्षकाला गोळ्या घातल्या. नायजेरियात २००९ ते २०१५ या काळात बोको हरामने सहाशेहून अधिक शिक्षक मारले. एवढे रक्त सांडल्यावर कायदा पुन्हा हलला. जुलै २०११ मध्ये सुरक्षा परिषदेने शाळांवर आणि त्यांतल्या संरक्षित व्यक्तींवर वारंवार हल्ले करणाऱ्यांची नावे काळ्या यादीत घालायचे ठरवले. मे २०१५ मध्ये ओस्लोला 'सुरक्षित शाळा जाहीरनामा' मांडला गेला. शाळेचा वापर लष्करी कामासाठी करू नये, हल्ल्यांची चौकशी व्हावी आणि युद्धातही शिक्षण चालू राहावे, अशी हमी त्यात देश देतात. २०२० पासून ९ सप्टेंबर हा शिक्षणावरील हल्ल्यांपासून संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय दिवस झाला. आपल्या ५ सप्टेंबरनंतर चारच दिवसांनी तो येतो आणि बहुतेक शाळांत त्याचे नावही निघत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती या माओवादी नेत्याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. ४५ वर्षांचा एक काळ संपत आल्याची ही चिन्हे आहेत आणि ती खरी ठरोत. पण एक बंदूक निघून गेली म्हणून शिक्षकाचे संरक्षण आपोआप होत नाही. ते लिहून घ्यावे लागते, हेच या आठ शतकांत दिसते. ११५ हून अधिक देशांनी ओस्लोचा जाहीरनामा मान्य केला आहे, भारताने अजून केलेला नाही. शाळेच्या आवारात कोणाचाही तळ नको, शिक्षकाकडून कोणत्याही बाजूची माहिती काढू नये आणि मारल्या गेलेल्या शिक्षकाच्या प्रकरणाचा तपास शेवटापर्यंत जावा, या तीन गोष्टी मागायला आंतरराष्ट्रीय सहीचीही वाट पाहावी लागत नाही. चिखली, मेहकर, देऊळगाव राजाकडची मुले तिथे नोकरीला असताना ही मागणी गडचिरोलीच्या शिक्षकांवरच सोपवून आपण गप्प बसणे बरोबर नाही. इथल्या शिक्षक संघटनांनी, ग्रामसभांनी आणि आमदार-खासदारांनी ती पुढे न्यावी आणि येत्या ९ सप्टेंबरला शाळाशाळांत ती वाचून दाखवावी.